ओसरीवरचं बटण

ट्यूबलाइट लागण्याआधी दोन-तीनदा फडफडते, ती फडफड स्वतःच्याच जिवाची होते आहे असं वाटणारा माणूस अवघ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला भासरा म्हणून आला. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. हे नातं मोठं अवघड. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही. आणि भासऱ्यानं तिच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. आता हे फारसं कोणी पाळत नाही. पण अकोल्याच्या जुन्या शहरातल्या, दोन खोल्या आणि एक ओसरी एवढ्याशा त्या घरात ते इतकं कडक पाळलं जाई की मी पहिल्यांदा अमरावतीहून ताईकडे गेलो तेव्हा मला वाटलं, या दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं आहे. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "भांडन काहून असन? भासरे हायेत ते." मला काहीच कळलं नाही, पण मी मान हलवली.

ते एका जिनात वायरमन होते. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. उंच, वाळलेले, खाकी पँट, आणि शर्टाच्या ज्या खिशाला लोक पेन लावतात त्या खिशात तीन-चार स्टार्टर. स्टार्टर म्हणजे ट्यूबच्या पट्टीत बसवलेली ती अंगठ्याएवढी पांढरी डबी. चालताना त्या डब्या एकमेकींवर वाजत, त्यामुळे ते आल्याचं गल्लीला आधीच कळे. जिनात त्यांची कीर्ती एकाच गोष्टीसाठी होती. तिथल्या मोठ्या शेडमध्ये पंचवीसेक ट्यूबा होत्या आणि मालकानं नवे स्टार्टर आणणं कधीच सोडून दिलेलं होतं. तर हे एकच स्टार्टर घेऊन शिडीवर चढत, पहिल्या ट्यूबला लावत, ती लागली की स्टार्टर काढून घेत, शिडी सरकवत आणि दुसरीला लावत. एकदा लागलेल्या ट्यूबला स्टार्टरची गरज नसते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तोवर मी ग्रंथालयात नोकरी करणारा, चार पुस्तकं वाचलेला माणूस असूनही, ती डबी सतत काहीतरी करत असते अशाच समजुतीत होतो. अशा पंचवीस ट्यूबा लावायला अर्धा तास लागे, आणि कितीदा तरी चोविसावी लागता लागता लाइट एक क्षण जाई, सगळी शेड अंधारी होई, आणि हे तोंडातून चकार शब्द न काढता शिडी पुन्हा पहिल्या ट्यूबखाली नेऊन लावत. मी विचारलं, राग नाही का येत? तर म्हणाले, "राग येते ना. पन शिवी द्याची त ट्रान्सफॉर्मरले द्या लागते, आन् त्याले कान नाई."

फडफडणारी ट्यूब दिसली की मात्र त्यांचा धीर सुटे. दुसऱ्याच्या दुकानात, बँकेत, एस.टी.च्या स्टँडावर, कुठेही. वरूडला आमच्या नात्यातल्या एका लग्नात हे ताईच्या नवऱ्याबरोबर आलेले. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, आणि नवरदेवाच्या डोक्यावरची ट्यूब अशी फडफडत होती की नवरी एकदा दिसे आणि एकदा नाहीशी होई. यांनी दोन मंगलाष्टकं कळ काढली. तिसऱ्याला उठले, व्याह्यांच्या मानाची खुर्ची ओढली आणि सरळ तिच्यावर उभे राहिले. अक्षता पडल्या त्यातल्या निम्म्या यांच्या पाठीवर. त्या लग्नाच्या अल्बममध्ये हार घालतानाचा फोटो आहे, त्यात नवरा-नवरीच्या मधोमध खाकी पँटमधले दोन पाय तेवढे आलेले आहेत. व्याही चिडले. यांनी खुर्ची रुमालानं पुसली, जागेवर नेऊन ठेवली आणि म्हणाले, "पोरीचं तोंड त दिसलं ना सगळ्याईले? तुमी कायले तापता?"

मंद माणसाला ट्यूबलाइट म्हणून हिणवलेलं त्यांना अजिबात खपत नसे. "ट्यूब तापून लागते, म्हनून तिले वेळ लागते. तुमचा बल्ब लगेच लागते आन् लगेच उडते." माणसांची पारखही ते याच हिशेबानं करत. कोणी नुसताच बडबड्या असला तर, "थो गरम चोक हाये, घूं घूं लय करते, उजेड काईच नाई." चोक म्हणजे ट्यूबच्या पट्टीतला तो जड ठोकळा. माझ्याबद्दल ताईच्या नवऱ्याला म्हणाले होते, "तुया साळा दोनदा फडफडते, पन मंग लागते बरा." माझ्या तापट स्वभावाचं याहून नेमकं वर्णन आजवर कोणी केलेलं नाही. राग यायला हवा होता, पण मी ते वाक्य बायकोला दोनदा ऐकवलं.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरात ते, त्यांची म्हातारी आई, धाकटा भाऊ आणि ताई. भाऊ असेतो निरोपांची सोय होती. पण कापसाच्या त्या वाईट वर्षांत वऱ्हाडात बरंच काही बसलं. जिन बंद पडला, यांची नोकरी गेली, आणि त्याच वर्षी एका सकाळी ताईचा नवरा छातीत दुखतं म्हणाला आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरच गेला. ताई चौतीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. आमच्या आईनं तिला अमरावतीला चल म्हणून परोपरीनं सांगितलं. ती म्हणाली, सासू आजारी आहे, तिचं कोण करील? म्हणून ती राहिली.

तेव्हापासून त्या घरातलं सगळं बोलणं म्हातारीमार्फत होऊ लागलं. म्हातारी बसायची मधल्या दाराशी खाटेवर, ताई आतल्या खोलीत चुलीपाशी, भासरे ओसरीवर. मधे अंतर चार हातांचं. ताई म्हणायची, "आई, त्याईले म्हना भाकर वाढली." ते चार हातांवरून म्हणायचे, "आई, तिले म्हन मी आयकलं." म्हातारीला कमी ऐकू येई, त्यामुळे तिला यातलं काहीच कळत नसे, पुष्कळदा ती झोपलेलीही असे. पण रीत सुटली नाही. मी एकदा गंमत म्हणून म्हणालो, आई झोपल्या आहेत, आता सरळच बोला. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

पुढच्या वर्षी सरकारी कारकुनांची भरती निघाली. वयाच्या अटीत बसेल अशी ताईसाठी ती शेवटची. ताई बी.ए. झालेली होती, पण पुस्तक हातातून सुटून दहा-बारा वर्षं झाली होती. तिनं अर्ज भरला. सकाळी बालवाडीत शिकवणं, दुपारी शिवणकाम, मधे सासूचं सगळं. अभ्यासाला मिळायचे ते संध्याकाळचे दोन-अडीच तास. आणि ते भारनियमनाचे दिवस. दुपारभर लाइट नसायची, आणि संध्याकाळी यायची ती इतकी दुबळी की बल्बची तार नुसती लाल दिसायची. त्या उजेडात ताट दिसे, अक्षर दिसत नसे. ट्यूब लावावी तर तेवढ्या विजेवर स्टार्टरच काम करेना. ट्यूब म्हणून लागायची नाही.

यावर भासऱ्यांनी उपाय काढला. स्टार्टर आतून काय करतो, तर ट्यूबची दोन टोकं जोडून क्षणभर तापवतो आणि मग एकदम सोडतो. त्या सोडण्याच्या क्षणी चोक धक्का देतो आणि ट्यूब लागते. स्टार्टर करत नसेल तर तेच काम हातानं करता येतं. दोन वायरी टेकवायच्या, टोकं लाल झाली की सोडायच्या. अर्ध्या वऱ्हाडानं त्या वर्षांत अशाच ट्यूबा लावल्या. पण ट्यूब होती ताईच्या खोलीत, आणि त्या खोलीत भासऱ्यानं जायचं नाही. तेव्हा यांनी त्या दोन वायरी झरोक्यातून बाहेर काढल्या, ओसरीच्या भिंतीवरून थेट बाहेरच्या दारापर्यंत आणल्या आणि तिथे घंटीचं एक पांढरं बटण बसवलं. लाइट आली की ताई आत खटका टाकायची. खटक्याचा आवाज ऐकला की हे बाहेर बटण दाबून झरोक्याकडे बघत राहायचे. ट्यूबची टोकं लाल होत होत पार शेंदरी झाली की बोट सोडायचे. नाही लागली तर पुन्हा. लागली की म्हातारीकडे तोंड करून म्हणायचे, "आई, लागली." आतून पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज यायचा.

त्या पावसाळ्याच्या शेवटी म्हातारी गेली. तेरवीच्या पंगतीत शेजारच्या एका बाईनं माझ्या आईच्या कानाशी लागून विचारलं, "आता घरात दोघंच का वो?" आईच्या हातातला घास हातातच राहिला.  अमरावतीला परतल्यावर म्हणाली, "तिले घेऊन ये. परीक्षा गेली खड्ड्यात. मले तोंड दाखवाले जागा नाई राहनार." मलाही तेच वाटत होतं हे कबूल करतो. बहिणीबद्दल कोणी असं बोललेलं ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि ते फिरतं ते बोलणाऱ्यावर न फिरता बहिणीवरच.

आठ दिवसांनी मी अकोल्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दार लोटलेलं, शेजारी पांढरं बटण. म्हातारी असताना दार उघडंच असे, म्हणून ते माझ्या कधी नीट ध्यानात आलं नव्हतं; मला वाटलं, घंटी बसवली. मी जोरात दाबलं. घंटी वाजली नाही, आतला उजेड मात्र गेला. मी बोट काढलं, पुन्हा दाबलं. आत काहीतरी लाल झालं आणि विझलं. मी तिसऱ्यांदा दाबणार तोच मागून रस्त्यावरून स्टार्टरांचा खडखडाट धावत आला. "कोन हाये बे थो? हात काढ! हात काढ म्हनतो ना!" मला ओळखल्यावर ते एकदम शांत झाले, मला हातानं बाजूला केलं, बटण दाबलं, डोळे बारीक करून झरोक्याकडे पाहिलं आणि सोडलं. ट्यूब लागली. मग त्यांनी बटणाच्या वर खडूनं लिहिलेलं दाखवलं. "ही घंटी नाही. आवाज द्या." ते अंधारात मला दिसलं नव्हतं. म्हणाले, "पोस्टमन बी असाच करते. तिचा टाइम जाते न भाऊ."

ते रस्त्यावर काय करत होते ते मला नंतर समजलं. तेरवी आटोपल्या दिवसापासून त्यांनी घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. बंद पडलेल्या जिनाच्या चौकीदाराची खोली मागून घेतली होती, तिथेच झोपत, तिथेच अंघोळ करत. ताई डबा भरून ओसरीच्या कठड्यावर ठेवायची आणि कोणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणायची, "डबा ठेवला म्हना." कोणी कोणाला म्हणायचं, ते मात्र दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी सातपासून नऊपर्यंत ते घरासमोरच्या रस्त्यापलीकडे, नालीच्या पुलाच्या कठड्यावर, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत बसून राहायचे. लाइट आली की उठून यायचे, बाहेरूनच बटण दाबायचे आणि परत जाऊन बसायचे. लाइट चारदा गेली तर चारदा.

मी रस्त्यातच त्यांना सांगितलं, ताईला न्यायला आलो आहे. त्यांनी खिशातला एक स्टार्टर काढला, कानाशी हलवून पाहिला. "परीक्षा कवा हाये?" मी म्हणालो, महिन्यानं. "मंग महिन्यानं न्या." माझा पारा चढला. लोक काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे का, असं मी जरा मोठ्यानंच विचारलं. ते म्हणाले, "मले काहून मालूम नसन? मी याच गल्लीत लहानाचा मोठा झालो." मग मी सरळ मुद्द्यावर आलो. एवढं सगळं करण्यापेक्षा ते बटण आत का बसवत नाही? तिचं ती दाबेल, तुम्हाला इथे यायचं कारण उरणार नाही, लोकांची तोंडं बंद होतील. यावर त्यांनी मला पाच मिनिटं व्याख्यान दिलं. बटण दाबणं कोणालाही येतं, पण सोडायचं कधी ते हाताला समजावं लागतं. लवकर सोडलं तर लागत नाही, उशिरा सोडलं तर टोकं काळी पडतात, ट्यूब जाते, आणि परीक्षा तोंडावर असताना ट्यूब जाणं परवडणारं नाही. "तिच्याच्यानं नाई होनार थे," असं शेवटी म्हणाले आणि पुलाकडे चालू लागले.

आत ताईनं सगळं ऐकलं होतं. मी काही बोलायच्या आत तिनं वही मिटली. "अमरावतीले आली त मी दोन दिवस पाहुनी राहीन. मंग माहेरी परत आलेली पोरगी होईन, आन् महिन्याभरात तुया घरची स्वयंपाकीन. वाईट कोनीच वागनार नाई, तू नाई, तुयी बायको नाई. पन पुस्तक कोनी उघडू देनार नाई. हे खरं का खोटं, सांग." ते खरं होतं, आणि ते खरं असल्याची मला लाज वाटली. विषय बदलायचा म्हणून मी म्हणालो, निदान ते बटण तरी आत बसवून घे, शिकशील तू हळूहळू. ताई हसली. नवरा गेल्यापासून तिला मी पहिल्यांदा हसताना पाहत होतो. म्हणाली, "आपल्या घरी लहानपनी दोन वायरी टेकवून स्वयंपाकघरातली ट्यूब कोन लावे? इसरला?" मी खरोखरच विसरलो होतो. ताईच लावायची. आई घाबरून ओरडायची आणि ताई पाटावर उभी राहून एका झटक्यात लावायची.

"मग त्यांना सांगत का नाहीस?" मी विचारलं. तिनं मिटलेली वही पुन्हा उघडली. मग म्हणाली, "काय सांगू? त्याईचा जिन गेला, भाऊ गेला, माय गेली. दिवसभर त्या मानसाले कोनी हाक मारत नाई. आन् माह्यं म्हनशीन, त मीबी खटका टाकला का बाहेर कोनीतरी आयकते, एवढं समजलं का मले बरं वाटते. राहू दे ते बटन तिथंच." मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं एकटाच परतलो. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

तो महिना कसा गेला ते ताईनं मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. गल्लीनं त्यांना 'बटनवाले' असं नाव पाडलं. पोरं पुलावरून जाताना नाकावर बोट दाबून दाखवत. ते कोणावर रागावले नाहीत. तेरवीला आईच्या कानाशी लागलेली ती बाईच पुढे दुसऱ्या कोणाला तरी म्हणाली म्हणे, "काईच्या काई नोका बोलू. थे त तिथं रोडावर बसते, रोज मी माह्या डोयानं पाह्यते." थंडी पडली तसं ते डोक्याला टॉवेल गुंडाळून बसू लागले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांना ताप भरला. ताईला आतून खोकला ऐकू येई, पण घरी जा असं सांगायचं कसं? सांगणारं मधे कोणी उरलं नव्हतं. मग तिनं युक्ती केली. साडेसातलाच खटका बंद केला, आज अभ्यास संपला असं भासवलं, आणि ते गेले असतील अशा अंदाजानं कंदील लावून कोपऱ्यात वाचायला बसली. दहा मिनिटांनी बाहेरच्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक झाली, एकदाच. ते गेलेच नव्हते. झरोक्यात कंदिलाचा पिवळा उजेड त्यांना रस्त्यापलीकडून दिसला होता. ताईनं उठून खटका टाकला. ट्यूब लागली. त्या दिवशी ती नऊऐवजी साडेआठलाच झोपली, आणि या वेळी कंदीलही विझवला.

ताई पास झाली. यादीत नाव आलं, पुढे बाळापूरला नेमणूक झाली. तिथे तिनं एका घराची मागची खोली भाड्यानं घेतली. सामान न्यायला मी गेलो तर कळलं, हे आदल्या दिवशीच बाळापूरला जाऊन घरमालकाला भेटून खोलीत ट्यूब बसवून आले आहेत. तीसुद्धा इलेक्ट्रॉनिक चोकची, जिला स्टार्टर लागत नाही, खटका टाकला की एकदम लागते. त्या चोकचं नाव काढलं तरी ते एरवी तोंड वाकडं करायचे. त्यात तांबं नाही, वजन नाही, जीव नाही, असं त्यांचं म्हणणं. मी चिडवलं, तुम्ही आणि असला चोक? तर म्हणाले, "मी तिथं कोठून येनार, भाऊ?" ताई निघाली तेव्हा ते टेम्पोच्या मागच्या बाजूला उभे राहून दोरी आवळत होते. ती आधीच आवळलेली होती.

मी माझा जुना मोबाइल त्यांना दिला. ताई संध्याकाळी सातला ऑफिसातून खोलीवर पोचली की त्यावर एक मिस कॉल द्यायची. आले, उजेड आहे, असा त्याचा अर्थ. ते कधी उचलत नसत, उलट फोन करत नसत. मोबाइल समोर ठेवून बसायचे, वाजायचा, थांबायचा, की उठून भाकरी थापायला घ्यायचे. मी एकदा त्या वेळी अकोल्यात होतो. म्हणालो, उचला ना, दोन शब्द बोला, आता कोण आडवं येतं आहे? ते म्हणाले, "बोलाचं काय हाये त्याच्यात. समजलं न."

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या घरात दुसरे कोणी राहतात. त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक सगळं हसण्यासारखं आहे आणि मी ते हसत हसतच सांगतो. पण एक गोष्ट सांगताना मला अजून हसता आलेलं नाही.

ताई बाळापूरला जाऊन वर्ष होत आलं होतं. एका संध्याकाळी सात वाजले, सव्वासात वाजले, मिस कॉल आला नाही. बाळापूरला दुपारपासून लाइट नव्हती आणि ताईचा मोबाइल उतरून बंद पडला होता, एवढंच झालेलं. पण यांना ते काय माहीत? साडेसातला ते स्टँडावर गेले आणि मिळाली ती गाडी धरून तासाभरात बाळापूरला पोचले. ताई मेणबत्तीच्या उजेडात भाकरी करत होती. तेवढ्यात लाइट आली आणि उजेडात तिला खिडकीतून दिसलं, गल्लीच्या तोंडाशी ते उभे आहेत. त्यांनाही ती दिसली असावी, कारण ते लगेच वळले आणि स्टँडाकडे चालू लागले.

"मी तशीच बाहेर पळाली," दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मला फोनवर सांगत होती. "हाताले पीठ, डोक्शावर पदर नाई. मले ते बी मंग ध्यानात आलं. मी मोठ्यानं म्हनलं, दादा, जेवून जा."

"मग?"

"थांबले. उभेच राहिले लय वेळ. मले वाटलं, जातीन. मंग आले अन् उंबऱ्याच्या बाहेर बसले. मी ताट आनून ठेवलं. खाली मान घालून दोन भाकरी खाल्ल्या."

"काही बोलले?"

"तिसरी मांगतली."

"मागितली? कोणाला?"

"मले," ताई म्हणाली. "म्हने, आनखी एक दे, बाई."